उजवीकडची रिकामी प्लेट

बुरशीचा एक गुण आहे. जिथं वाढायला हवी तिथं ती हटून बसते आणि जिथं नको तिथं बघता बघता गालिचा अंथरते. लॅबमधल्या किश्शांचंही तेच. संशोधन म्हणून जे वाढवायला घेतलं ते सात वर्षं रखडलं, आणि किस्से मात्र न पेरता उगवले! मैत्रिणी भेटल्या की म्हणतात, "लिहून ठेव गं." म्हणून लिहितेय. निदान हे तरी वेळेत पूर्ण होईल.

तर मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिसऱ्या मजल्यावर आमची लॅब. लॅब म्हणजे दोन ओटे, एक इन्क्युबेटर, दार दोरीनं बांधावं लागतं असा एक फ्रीज आणि तीन माणसं. मी, माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी शरयू आणि आमचे लॅब अटेंडंट म्हात्रे मामा. शरयू कुळगावची. सकाळी क्लासमध्ये शिकवायचं, दुपारी लॅबमध्ये राबायचं, संध्याकाळी घरी जाऊन पोळ्या लाटायच्या, असं तिचं सात वर्षं चाललं होतं. मामा मोरिवलीचे. आजोबांची बरीचशी जमीन कारखान्यांत गेली, उरलेल्या तुकड्यात मामा अजून भात आणि वाल लावतात आणि त्याबद्दल कोणी विचारलं नाही तरी सांगतात.

शरयूचा विषय प्रोटॉन पंप. पंप या शब्दावरून करता येतील ते सगळे विनोद आमच्या स्टाफरूममध्ये करून झालेत, तेव्हा तुम्ही त्रास घेऊ नका. प्रत्येक पेशीच्या आत इवल्या इवल्या पिशव्या असतात. त्यांच्या भिंतीत हे प्रथिन बसलेलं असतं आणि ते सतत आत आम्ल भरत राहतं. त्या आम्लात पेशीचा कचरा जिरतो. शरयूकडे असं यीस्ट होतं की ज्यातला हा पंप मोडलेला आहे. असं यीस्ट आंबट खाण्यावर जगतं आणि साध्या, आंबट नसलेल्या खाण्यावर मरतं. म्हणून तिच्या प्लेट्स, म्हणजे यीस्टचं खाणं ओतून गोठवलेल्या काचेच्या बशा, जोडीनं असायच्या. डावीकडे आंबट, उजवीकडे साधी. डावीकडे ठिपके उगवायला हवेत, उजवीकडे काहीच उगवायला नको.

'काहीच उगवायला नको' हे तेवढं लक्षात ठेवा. सात वर्षं मी हे एकच वाक्य अख्ख्या जगाला समजावतेय.

विद्यापीठानं शरयूला शेवटची मुदतवाढ दिली होती. समिती येऊन प्लेट्स बघणार, पटलं तर फॉर्मवर सही, नाही पटलं तर रजिस्ट्रेशन रद्द. सात वर्षं पाण्यात. हे सगळे किस्से त्या सहीच्या वाटेवरचे आहेत.

*

सुरुवातीलाच केमिकल्सची यादी घेऊन प्रिन्सिपल सरांकडे गेले होते. सर सिंधी, जन्म उल्हासनगरचाच, मनानं दिलदार, पण कुठल्याही फाइलकडे दुकानात मालाकडे बघतात तसं बघतात. उलटीपालटी करून म्हणाले, "मॅडम, ये पंप करता क्या है? आसान भाषा में बताओ."

मी म्हटलं, "सर, लिंबू आंबट का असतं? त्याच्या पेशीतल्या पिशव्यांमध्ये पंप आम्ल भरतात म्हणून. आम्ही तेच यीस्टमध्ये बघतोय."

सरांचा चेहरा उजळला. मला वाटलं, पटलं! आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला तरी विषय पटवून दिला!

"फिर इतना झंझट काहे को?" सर यादी परत देत म्हणाले. "लिंबू ही मंगा लो ना!"

*

पीएच मीटर नावाचं एक यंत्र असतं. खाणं किती आंबट ते हा मीटर आकड्यात सांगतो. आमचा मीटर म्हातारा झाला होता. आकडा एका जागी ठरेना. सहावरून आठवर, आठवरून सहावर. आमचा सगळा प्रयोगच आंबट आणि साधं यांच्यातल्या फरकावर उभा! त्यामुळे उल्हासनगरच्याच कॅम्प तीनमधल्या एका रिपेअरवाल्याकडे तो दिला. हा माणूस मिक्सर, गिझर, लिफ्टचं पॅनेल, काहीही दुरुस्त करतो. दोन दिवसांत मीटर परत आला. काय सुरेख चालत होता! पाण्यात घातला, सात. साध्या मीडियात, म्हणजे यीस्टच्या खाण्यात घातला, सात. स्थिर, शांत. आंबट खाण्यात शरयू आम्ल मापूनच घालायची, साधं तेवढं मीटरवर तपासायची. त्याच्यावर विसंबून तिनं महिनाभर प्लेट्स ओतल्या आणि डावं-उजवं सगळीकडे सारखंच उगवायला लागलं. ती रडकुंडीला आली. "मॅडम, माझ्या यीस्टचा पंप परत जोडला गेला का?"

शेवटी मी वैतागून मीटर व्हिनेगरमध्ये बुडवला. सात!

तशीच तणतणत दुकानात गेले. रिपेअरवाला मीटरकडे प्रेमानं बघत म्हणाला, "मॅडम, पहले आकडा बहुत हिलता था. मैंने अंदर से सात पे फिक्स कर दिया. अब जिंदगी में नहीं हिलेगा!"

*

मधल्या सुट्टीतलाही एक त्रास सांगते. 'प्रोटॉन पंप' हे शब्द आपल्याकडे लोकांना अॅसिडिटीच्या गोळ्यांमुळे माहीत आहेत. त्यामुळे माझा विषय कळल्यापासून स्टाफरूममध्ये मी पित्ताची वैद्य झाले. कॉमर्सचे सर डबा उघडण्याआधी विचारतात, "मॅडम, वांगं चालेल का?" लायब्ररीच्या बाई छातीवर हात ठेवून म्हणतात, "इथं जळतं हो." मी घसा कोरडा करून सांगते, की पोटातला पंप वेगळा, आमचा वेगळा, नात्यातला म्हणा हवं तर, पण मला त्या गोळ्यांतलं ओ की ठो कळत नाही, डॉक्टरकडे जा!

हे एकदा प्रिन्सिपल सरांच्या समोर झालं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निवाडा दिला. "मॅडम, पंप दो हैं, मान लिया. लेकिन डिपार्टमेंट तो एक ही है ना? बता दो बिचारे को, बैंगन खाए या नहीं."

*

आता मामा. मामांवर मी जितकी चिडले तितकी नवऱ्यावरही चिडलेले नाही.

नवा मीटर आला, नव्या प्लेट्स ओतल्या आणि तीन दिवसांनी पहिल्यांदाच सगळं मनासारखं झालं. डावीकडे ठिपके, उजवीकडे स्वच्छ. शरयू कुळगावला जाऊन मुलाचा जुना कॅमेरा घेऊन आली, कारण मोबाइलमध्ये फोटो नीट येत नव्हते. आली तर उजवीकडच्या सगळ्या प्लेट्स ओट्यावर उपड्या, धुतलेल्या, निथळत!

"मामा!" मी जी ओरडले ती तळमजल्यावर ऐकू गेली म्हणतात.

मामा हात पुसत आले. "काय झाला, मॅडम? उगवलेल्या बशांना हात नाय लावला. त्या जशाच्या तशा हायत. या रिकाम्या व्हत्या त्या घासून ठेवल्या."

"मामा, त्या रिकाम्याच हव्या होत्या!"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग शरयूकडे पाहिलं. "मंग आता पन रिकाम्याच हायत ना," ते म्हणाले.

मी खुर्चीवर बसले आणि शरयू हसता हसता रडायला लागली. दुसऱ्या दिवशी मामांनी तिला घरच्या वालाच्या शेंगा आणून दिल्या. माझ्याशी मात्र ते आठवडाभर बोलले नाहीत. चूक त्यांची, रुसवाही त्यांचाच!

*

आमच्याकडे बऱ्याचदा शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. त्यामुळे लॅबचा एक नियम आहे. शुक्रवारी इन्क्युबेटरचं दार उघडायचं नाही, आतली ऊब जाते. पण एकदा वीज गुरुवारीच गेली आणि शुक्रवारीही येणार नाही असं कळलं. शरयूनं प्लेट्स टॉवेलात गुंडाळल्या, पोळ्यांच्या डब्यात रचल्या आणि घरी नेल्या.

तिच्या सासूबाई म्हणजे आंबवण्यातल्या अधिकारी बाई. त्यांचं इडलीचं पीठ कडाक्याच्या थंडीतसुद्धा फुगतं. त्यांनी प्लेट्सचा डबा आपल्या पिठाच्या पातेल्याशेजारी ठेवला, दोन्हींवर एकच गोधडी घातली आणि म्हणाल्या, "तू जा निजायला. मी आहे."

सकाळी शरयूनं डबा उघडला. डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक प्लेटवर पांढरं, पिवळं, करडं, केसाळ, सगळ्या जातीपातीचं रान माजलेलं! ती थिजलीच. सासूबाई कौतुकानं मागून डोकावल्या.

"अगं, झाकणांना आतून पाणी सुटलं होतं. मी एकेक उघडून पदरानं पुसून ठेवली. सात वर्षं तुझं काही उगवत नव्हतं. आता बघ!"

इतक्या मायेनं केलेल्या नासाडीवर रागवायचं कसं? शरयूनं चार इडल्या खाल्ल्या आणि लॅबमध्ये आली. मला म्हणाली, "मॅडम, इडल्या मात्र खूप हलक्या झाल्या होत्या."

*

समिती पहिल्यांदा आली तो दिवस मला आठवायचाही नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बाहेरून येणारे परीक्षक घोरपडे सर. साताऱ्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, दिसायला कडक आणि असायलाही कडक. शरयूनं प्लेट्स मांडल्या. डावीकडे ठिपके, उजवीकडे स्वच्छ. मी मनात देव पाण्यात घालून बसलेली. सरांनी उजवीकडची प्लेट उचलली आणि म्हणाले, "इथं उगवलं नाही हे दिसतंय. पण का उगवलं नाही? तुमचं बी खराब आहे की जमीनच खराब आहे? याच जमिनीत चांगलं बी लावून दाखवलंय का?"

प्रश्न शंभर टक्के बरोबर होता, हेच तर दुखणं! पंप शाबूत असलेलं मूळ यीस्ट त्याच प्लेटवर शेजारी लावायचं असतं. ते उगवलं आणि हे उगवलं नाही, तरच सिद्ध होतं. आमच्याकडे ते होतं. दोरीवाल्या फ्रीजची दोरी सुटली त्या आठवड्यात ते मेलं; पंप मोडलेलं तेवढं इन्क्युबेटरमध्ये होतं म्हणून वाचलं. शरयूनं खाली मान घालून हे सांगितलं.

मामा तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. सगळं बोलणं होईपर्यंत तसेच उभे राहिले. चहा गार झाला.

"दीड महिन्यानं, शनिवारी पुन्हा येतो," घोरपडे सर उठत म्हणाले. "त्यानंतर माझ्या हातात काही नाही, बाळ."

त्यांनी 'बाळ' म्हटलं म्हणून शरयूचा बांध फुटला. नुसते रागावले असते तर सहन झालं असतं.

*

मूळ यीस्ट मागवायची फाइल मी त्याच दिवशी प्रिन्सिपल सरांच्या टेबलावर ठेवली. आठ दिवसांनी फाइल शेऱ्यासह परत. 'लॅबमध्ये यीस्ट उपलब्ध आहे.' मी तरातरा केबिनमध्ये गेले.

"सर, ते वेगळं, हे वेगळं."

"साईं, यीस्ट यीस्ट होता है. एक होते हुए दूसरा काहे को?"

"सर, आहे ते पंप मोडलेलं आहे. आता चांगलं हवंय."

सर हादरले. "मतलब सात साल से आप टूटा हुआ माल ले के बैठे हो? रिटर्न क्यूं नहीं किया?"

शेवटी त्यांनी सही केली, अगदी मनापासून केली, वर सप्लायरला स्वतः फोन करून झापलं. सप्लायर म्हणाला, पंधरा दिवस. मग म्हणाला, अजून पंधरा दिवस. मग त्यानं फोन उचलायचं बंद केलं. मी ओळखीच्या दोन लॅबना फोन केले. एकीकडे सुट्ट्या होत्या, दुसरीकडच्या बाई म्हणाल्या, पाठवते, आणि अजून पाठवताहेत.

मामा एका दुपारी हळूच म्हणाले, "मॅडम, चांगला यीस्ट पायजे ना? नाक्यावरच्या बेकरीन पावाचा भेटतं. आनू?"

मी आधीच भडकलेली. "मामा, हे संशोधन आहे! बेकरीतलं उचलून आणलेलं चालत नाही इथं. तुम्ही तुमचं काम करा." पाच-सहा वाक्यं अजून बोलले. ती इथं लिहीत नाही, मला लाज वाटते.

मामा बीकर पुसत राहिले.

*

तो शनिवार.

त्या आठवड्यात शरयूनं शेवटच्या प्लेट्स ओतल्या. आशा मोठी वाईट. मूळ यीस्ट येईल म्हणून तिनं प्रत्येक प्लेटच्या मधोमध पेननं रेघ मारली. रेघेच्या अलीकडे आपलं पंप मोडलेलं यीस्ट लावलं, पलीकडचा अर्धा मूळ यीस्टसाठी मोकळा ठेवला. ते आलंच नाही. गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघींनी बघितलं. डावीकडच्या तीन प्लेट्सवर अर्ध्यात ठिपके, अर्धं मोकळं. उजवीकडच्या तिन्ही पूर्ण रिकाम्या.

"जमीन खराब की बी खराब, सांगता येत नाही," शरयू घोरपडे सरांसारखं म्हणाली आणि तिनं इन्क्युबेटरचं दार लावलं. शुक्रवारी नियमाप्रमाणे दार उघडलं नाही.

शनिवारी सर अकराला येणार होते, ते दहालाच आले. आम्हाला प्लेट्स आधी बघायलाही मिळाल्या नाहीत. शरयूनं त्यांच्या देखतच इन्क्युबेटर उघडला, डावीकडच्या तीन काढून ठेवल्या, उजवीकडची पहिली काढली आणि डोळ्यांजवळ नेली.

रेघेच्या पलीकडे, त्या मोकळ्या अर्ध्यात, दाट पांढरं पीक आलं होतं! दुसऱ्या प्लेटवर तेच, तिसऱ्यावर तेच. आणि रेघेच्या अलीकडे, शरयूच्या अर्ध्यात, काही नाही. एक ठिपका नाही.

सात वर्षं, शेवटचा दिवस, आणि कोणीतरी प्लेट्समध्ये हात घातलाय! सरांनी प्लेट खिडकीच्या उजेडात धरली.

"पलीकडे कुठलं यीस्ट आहे?"

शरयूनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

"पावाचा हाय, साहेब." दारातून आवाज आला. मामा, हातात चहाचा ट्रे. "नाक्यावरचे बेकरीन भेटला."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

"कोणी लावलं?"

"मीच. गुरुवारी, मॅडम आनि बाय गेल्यावर. या लावतात तसाच लावला. दिवा पेटवला, तार लाल केली, थंड व्हव दिली, मंग लावला. सात वर्सा बगतंय ना मी."

"आणि अलीकडे?"

"तो शरयूबायचा. आंबट बशीन उगवतं, या बशीन नाय उगवत. कवाच नाय. किती बशा धुतल्या मी हातानी, विचारा मॅडमना. मना किती वरडल्या!"

घोरपडे सरांनी तिन्ही प्लेट्स पुन्हा एकेक करून बघितल्या. मग ते माझ्याकडे वळले.

"मॅडम, मूळ यीस्ट मिळवा आणि हे रीतसर पुन्हा करा. थिसिसमध्ये ते जाईल, हे नाही. बेकरीचा उल्लेख कुठंही नको." त्यांनी प्लेट खाली ठेवली. "पण मला जे बघायचं होतं ते बघून झालं. फॉर्म कुठाय?"

शरयूला फॉर्म सापडेना. तो तिच्या हातातच होता. मी तिच्या हातून काढून सरांपुढे ठेवला तेव्हा तो ओला झाला होता, तिच्या डोळ्यांतल्या पाण्यानं की माझ्या, सांगता येत नाही.

सरांनी सही केली. पेनाला टोपण लावता लावता त्यांनी मामांना विचारलं, "मामा, एवढं सगळं केलंत, मग पोरीची बाजू का सोडलीत? सगळी बशीच भरून टाकायची. समिती येणार, रिकामं बरं दिसत नाही, असं नाही वाटलं?"

मामांनी ट्रे ओट्यावर ठेवला आणि सरांपुढे कप सरकवला.

"साहेब, बायनी मधी रेघ मारलेली व्हती ना," ते म्हणाले. "दुसऱ्याचे शेतान कोन पेरतं?"